पणजीचं वय किती? आधी तिची मामी कोण ते विचारा

प्रश्न निपाणीजवळच्या गावातून पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या एका तरुणाचा आहे. त्याची पणजी हयात आहे. तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९०९ ही जन्मतारीख आहे, म्हणजे तिला ११६ वर्षं पूर्ण झाली. गावात सगळे सांगतात, हिने प्लेग बघितलाय. फ्रान्समधली एक बाई १२२ वर्षं जगली, मग आमची पणजी ११६ची का नसेल, आणि तिचं नाव विक्रमात लागावं म्हणून कोणकोणते कागद जमवू, असं तो विचारतो. सोबत घरची माहिती दिली आहे. पणजोबा १९७१ साली वारले. आजोबा सगळ्यांत थोरले, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३८. शेंडेफळ म्हणजे धाकटी आत्याआजी, ती १९५९ची. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: "पणजीची आई मानमोडीत गेली, ती मामीच्या अंगावर वाढली."

मी बेळगावात गेली सव्वीस वर्षं मोडी कागद वाचून देते. वाटण्या, वारसा, देवस्थानच्या जमिनी, जुनी गहाणखतं हे रोजचं काम. पण दर वर्षी दोन-चार घरं घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं वय काढून द्या म्हणून येतात, आणि खरं सांगायचं तर ह्या कामात मी सगळ्यात जास्त रमते. म्हणून उत्तर लांबणार आहे.

तुम्ही विचारलंय, ११६ सिद्ध करायला कुठले कागद लागतील. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: पणजी जन्मल्या कधी? आकडा आधी धरून त्याला आधार शोधायला निघालं की माणूस स्वतःलाच फसवतो, आणि हे भल्याभल्या घरांत होतं. आधी दाव्याचा आकार लक्षात घ्या. इंग्लंडच्या एथेल कॅटरहॅम बाईंना एप्रिल २०२५मध्ये जगातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीचा मान मिळाला. त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०९चा. तुमच्या पणजी खरोखर १ जानेवारी १९०९च्या असतील तर त्या एथेल बाईंपेक्षा साडेसात महिन्यांनी वडील, म्हणजे जगात सगळ्यांत थोरल्या. अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण एवढं मोठं वाक्य बोलायचं तर त्याखालचा पाया तेवढाच भक्कम लागतो.

आधारची तारीख बाजूला ठेवा. नाव, पत्ता यासाठी तो कागद उपयोगी, वयासाठी नाही. जन्माचा दाखला नसलेल्या माणसाचं वय तोंडी विचारून साल टाकलं जातं आणि तारखेच्या जागी १ जानेवारी पडते. ते साल कुठून आलं? बहुतेक मतदार ओळखपत्रावरून. आणि मतदार ओळखपत्रावर कुठून आलं? यादी करायला आलेल्या माणसाने ओट्यावर बसलेल्या सुनेला विचारलं, सून म्हणाली, "असतील की ऐंशीच्या." संध्या सुरक्षाची, म्हणजे कर्नाटकातली म्हाताऱ्या माणसांची पेन्शन मिळावी म्हणून चार-पाच वर्षं वाढवून सांगितलेलीही असतात. यात कुणी लबाडी केली असं मानू नका, गरज होती. पण तेच साल पुढे प्रत्येक कागदावर उतरत गेलं, आणि आता पाच कागदांवर एकच तारीख दिसते म्हणून ती खरी वाटते. पाच कागद नाहीत ते. एकच तोंडी उत्तर पाच वेळा लिहिलेलं आहे. आजोबांच्या १ जूनचंही तसंच. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर सगळ्या पोरांना १ जून लावायचे. साल मात्र त्यात साधारण बरोबर असतं, कारण सहा वर्षांचं पोर आणि दहा वर्षांचं पोर यात मास्तर चुकत नाही.

"प्लेग बघितलाय" हा आपल्या भागातला सगळ्यात आवडता पुरावा. मुंबईत प्लेग आला १८९६ला, आपल्याकडे त्यानंतर लवकरच. पण तो एकदा येऊन गेला नाही. पुढे कित्येक दशकं अधूनमधून उंदीर पडायचे आणि गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला जायचं. १९२५ला जन्मलेल्या बाईनेही झोपडीतले दिवस बघितलेले असू शकतात. राणीछाप रुपयाचंही तेच. व्हिक्टोरिया राणी १९०१ला गेली, तिचे रुपये लोकांच्या गाडग्यांत पुढे तीस-चाळीस वर्षं होते.

आता तुमच्याच माहितीवर या. बाईचं वय काढायचं तर मी पहिल्यांदा तिची बाळंतपणं मांडते. कागद नसले तरी पोरं असतात, आणि पोरांची वयं बाईच्या वयाला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवतात. पणजी १९०९च्या धरल्या तर थोरला मुलगा एकोणतिसाव्या वर्षी आणि शेंडेफळ पन्नासाव्या वर्षी. त्या काळी आपल्याकडे मुलीचं लग्न दहा-बारा वर्षांच्या आत व्हायचं. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३०ला लागू होणार म्हणून त्याआधी तर पाळण्यातल्या पोरींचीही लग्नं उरकली होती. न्हाण आल्यावर पोर सासरी नांदायला जायची आणि सोळा ते वीसच्या आत पहिलं मूल. एकोणतिसाव्या वर्षी पहिलं मूल झालं असेल तर त्याआधी काही मुलं होऊन दगावली असली पाहिजेत. हे घडायचं, फार घडायचं, म्हणून विचारलंच पाहिजे. पण पन्नासाव्या वर्षीचं बाळंतपण मी माझ्या सगळ्या कामात कागदाने सिद्ध झालेलं एकदाही पाहिलेलं नाही. दोन्ही टोकं एकाच वेळी ताणलेली दिसली की समजायचं, खालचं साल सरकलंय.

आणि आता तुमचं ते शेवटचं वाक्य. मी ते चार वेळा वाचलं. उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय, फक्त तिकडे बघितलं नाहीत.

मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. जून-जुलैत एक हलकी लाट येऊन गेली, आणि पावसाळा सरता सरता जी आली तिने मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी केली. सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस, शके १८४०, कालयुक्त संवत्सर. त्या साथीचं एक वैशिष्ट्य होतं: म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं नेहमीच्या साथीत जातात, हिने त्यांच्या जोडीला वीस ते चाळीसमधली धडधाकट माणसं नेली. म्हणजे तरण्या आया. पणजींची आई त्यातली एक असेल तर ते अगदी जुळतं. आता बघा, "मामीच्या अंगावर वाढली" म्हणजे काय? आपल्याकडे हे अंगावर पिण्याबद्दल बोलतात. आई गेली तेव्हा पोर दूधपिती होती, आणि मामी तेव्हा ओली बाळंतीण असल्याने तिने आपल्या पोराबरोबर हिलाही घेतलं. नऊ वर्षांच्या पोरीबद्दल कुणी असं म्हणत नाही. नऊ वर्षांची पोर तर आई गेल्यावर धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन हिंडते.

म्हणजे पणजींचा जन्म १९१७चा किंवा १९१८च्या पहिल्या सहामाहीतला असावा. १९३८ला थोरला मुलगा, वय वीस-एकवीस. १९५९ला शेंडेफळ, वय एक्केचाळीस-बेचाळीस. सगळं आपोआप बसलं. माझा अंदाज आज १०७ ते १०८चा आहे. हा आकडा ऐकून तुम्हाला हातातलं काही गेल्यासारखं वाटेल, पण जरा थांबा. शंभरी गाठलेल्या माणसांतलीही फार थोडी इथवर येतात.

पण हा अंदाज आहे, आणि तो कशाकशावर अवलंबून आहे ते सांगते. एक, घरात "मानमोडी" म्हणतात ती खरंच १९१८चीच का? काही घरांत कुठल्याही मोठ्या तापाच्या साथीला तेच नाव लागतं. दोन, "अंगावर वाढली" हे पणजींचे शब्द आहेत की तुमच्या आईने सोपं करून सांगितलेले? मूळ शब्द "मामीजवळ वाढली" असतील तर सगळा हिशेब मोकळा होतो. तीन, मुलं किती झाली आणि किती गेली? थोरल्या आजोबांच्या आधी कुणी होतं का? पणजींच्या तोंडून हे तीन ऐकल्याशिवाय कचेरीत पाऊल टाकू नका.

कागद शोधायचा तो पणजींच्या जन्माचा नव्हे. त्यांच्या आईच्या मृत्यूचा शोधा. हे ऐकून लोक चकित होतात, पण कारण साधं आहे. जुन्या मुंबई इलाख्यात गावोगाव पोलीस पाटलाकडे जन्म-मृत्यूचं पुस्तक असायचं, गाव नमुना १४. त्यात मुलीच्या जन्माची नोंद असली तरी नाव नसतं, कारण नोंद चार दिवसांत आणि बारसं बाराव्या दिवशी. बापाचं नाव, जात आणि पुढे "मुलगी", एवढंच. त्याच बापाला तीन मुली असतील तर ही कुठली, ते कळत नाही. पुढे लग्नात नाव बदललं की माहेरचा धागाही तुटतो. पण मोठी बाई वारली तर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, वय आणि कारण लिहिलेलं असतं. मानमोडीतल्या मृत्यूंपुढे "इन्फ्लुएंझा" शोधू नका, मला बहुतेक पानांवर नुसतं "ताप" सापडलंय. १९१८च्या भाद्रपद-आश्विनाची पानं उघडली की सांगावं लागत नाही. एरवी एका पानावर अख्खं वर्ष मावतं, आणि त्या दोन महिन्यांत पानामागून पान, ताप, ताप, ताप. एका गावच्या पुस्तकात तर मधूनच अक्षर बदललेलं मी पाहिलंय. नंतर वरच्या ओळी बघितल्या तेव्हा उलगडलं की लिहिणाऱ्याचंच नाव नोंदीत आलं होतं.

त्या पानांत आईची नोंद सापडली की मागे या: १९१७ आणि १९१८च्या जन्मांत त्याच बापाच्या नावापुढे "मुलगी" आहे का बघा. दोन्ही जुळल्या तर एवढ्या जवळचा पुरावा आपल्या भागात क्वचितच कुणाकडे असतो.

पुस्तक मिळेल कुठे, हे पणजींच्या माहेरावर अवलंबून आहे, आणि इथे आपल्या सीमाभागाची खरी गुंतागुंत आहे. माहेर ब्रिटिश हद्दीतल्या गावचं असेल तर तालुक्याच्या तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज करा. गाव संस्थानी असेल तर वाट वेगळी. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, बेळगावला चिकटलेलं शहापूर सांगलीकरांचं. अशा गावांचे जुने कागद त्या त्या संस्थानाच्या दप्तरात, आणि ती दप्तरं पुढे महाराष्ट्रात राहिली. माहेर चंदगडचं असेल तर उलटा प्रकार: आज चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात आहे, पण १ नोव्हेंबर १९५६पर्यंत तो बेळगाव जिल्ह्याचा तालुका होता. म्हणून १९१८चा कागद बेळगावातही असू शकतो. लोक कोल्हापूरला दोन-दोन खेपा घालून हात हलवत परत येतात, कारण हे कुणी सांगितलेलं नसतं. कचेरीत "पुस्तक नाही" म्हणाले तर लेखी मागा. माहिती अधिकारात अर्ज केला की निदान शोध तरी घेतला जातो. माझा अनुभव विचाराल तर दहा गावांपैकी तीन-चार गावांची त्या काळातली पुस्तकं हाती लागतात. बाकीची वाळवीने नेली.

नाहीच सापडलं तर दुसरा कागद तुमच्या घराजवळच आहे. पणजोबा १९७१ला वारले, म्हणजे जमीन असेल तर वारसा वर्दी, म्हणजे वारसांची नावं जमिनीला लावायचा अर्ज, झाली असणार. त्या वर्दीच्या वेळच्या जबाबात वारसांची नावं आणि बहुतेक वेळा वयं लिहिलेली असतात. त्या वयाला मी फार मान देते, कारण तेव्हा पणजींचं वय वाढवून सांगण्यात कुणाचा काही फायदा नव्हता. तिथे "५०" किंवा "५५" दिसलं तर १९१७च्या बाजूचं समजा, "६०"च्या पुढे दिसलं तर माझा अंदाज पुन्हा तपासावा लागेल. गोल आकड्यांवर चार-पाच वर्षांची सूट ठेवा.

घरात कुणाची पत्रिका असेल तर तीही दाखवा. पत्रिकेवरचं साल फाटलं तरी ग्रह उरतात. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं, गुरू वर्षभर. दोघं मिळून पुन्हा त्याच जागी यायला साठ वर्षं लागतात, आणि साठ वर्षांची चूक असेल तर राहू ती पकडून देतो, कारण त्याची फेरी साडेअठरा वर्षांची. मुलींच्या पत्रिका कमी घरांत काढत, हे खरं. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला घरचं कुणी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत कुटुंबाची नावं सापडतात. त्यातून वय मिळत नाही, पण त्या वर्षी कोण जन्मलेलं होतं हे मिळतं. आणि निपाणीच्या किती बायांनी वखारीत तंबाखू चाळली, विड्या वळल्या. पणजींचं विडी कामगाराचं जुनं कार्ड ट्रंकेत असेल तर काढा.

एक कागद मात्र करू नका. कोर्टातून किंवा प्रांताकडून आज उशिराचा जन्मदाखला काढून आणायची घाई लोक करतात. तो मिळतो, पण आजच्या प्रतिज्ञापत्रावर मिळतो. असल्या दाव्यांची छाननी करणारे तीन टप्प्यांचे कागद बघतात: जन्माच्या जवळचा, लग्नाने नाव बदलल्याचा आणि आजच्या ओळखीचा. शंभर वर्षांनी केलेला पहिल्या टप्प्याचा कागद त्यांच्या लेखी कागदच नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका आजींबद्दल सांगते, म्हणजे मी आठवणींवर एवढा भर का देते ते कळेल. घरच्यांनी ११२ वर्षांच्या म्हणून फलक छापायला टाकला होता आणि त्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून मला बोलावलं. मी गेले तेव्हा आजी पडवीत बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. दिसत कमी होतं, बोटांनी खडे ओळखत होत्या. मी वय विचारलं नाही. गांधींचं विचारलं. आपल्या भागात प्रत्येक जुन्या माणसाने १९२४चं बेळगावचं काँग्रेसचं अधिवेशन पाहिलेलं असतं, किंवा पाहिलेल्याकडून इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते आपलंच वाटू लागतं. म्हणून "गांधींना पाहिलं" एवढ्याला मी काहीच किंमत देत नाही. मी विचारलं, कशा गेला होता?

"आप्पानं खांद्यावर घेतल्यालं," त्या म्हणाल्या. "टिळकवाडीत लई मान्सं. नवी हीर काढल्याली, तितं समदी पानी पियाला. माज्या पायातला वाळा पडला बग. आप्पा हुडकाय खाली वाकला, आन् मी त्येच्या डोस्क्यावनं म्होरं पडाय लागलो." हे सांगताना त्यांनी सूप खाली ठेवलं आणि डाव्या पायाच्या घोट्यावर हात फिरवला.

११२ वर्षांच्या असत्या तर त्या अधिवेशनाच्या वेळी चौदा वर्षांच्या. चौदा वर्षांच्या पोरीला बाप खांद्यावर घेत नाही, आणि त्या वयात पायात वाळेही नसतात. वाळे तीन-चार वर्षांच्या पोरीच्या पायात असतात. तिथेच मला साल कळलं. माहेरच्या गावच्या पुस्तकात १९२१ची नोंद सापडली: बापाचं नाव, "मुलगी", आणि तिच्या आधीच्या दोन भावांच्या नोंदीही त्याच क्रमाने ज्या क्रमाने त्यांनी सांगितल्या होत्या. म्हणजे आजी १०१च्या होत्या. मुलगा नाराज झाला, बरेच महिने माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं दुःख मला कळत होतं. पण आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं: "मंग मी आप्पाच्या खांद्यावर व्हतो, हे खरं न्हवं?" मी म्हटलं, अगदी खरं. त्या खूश झाल्या. ११२ धरले असते तर त्यांची ती आठवण खोटी ठरली असती.

आता तुमच्या फ्रान्सच्या बाईकडे येते. जान काल्माँ, जन्म २१ फेब्रुवारी १८७५, मृत्यू ४ ऑगस्ट १९९७, वय १२२ वर्षं १६४ दिवस. तिचं वय जगाने मानलं ते ती खणखणीत बोलायची म्हणून नाही. ती सगळा जन्म आर्ल नावाच्या एकाच गावात राहिली आणि त्या गावाने तिची नोंद ठेवणं कधी थांबवलं नाही. जन्म, बाप्तिस्मा, १८९६चं लग्न, १८९८ला झालेली मुलगी, आणि मधल्या काळात एकामागून एक जनगणनांच्या घरोघरच्या याद्या, प्रत्येक यादीत तिचं नाव आणि वय. आपल्याकडे जनगणना होते, पण घरोघरच्या त्या नोंदी १९४८च्या कायद्याप्रमाणे कुणाला पाहता येत नाहीत. आपली आणि त्यांची खरी तफावत ही आहे. आपल्या बायका कमी जगतात म्हणून नव्हे, तर त्यांच्या जगण्याच्या खुणा कुणी लिहून ठेवल्या नाहीत म्हणून आपण मागे पडतो.

तिचं आयुष्य मी पुन्हा पुन्हा वाचलंय आणि मला त्यातली वयाची संख्या लक्षात राहत नाही, माणसं राहतात. मुलगी १९३४ला गेली, नवरा १९४२ला, आणि त्या मुलीचा एकुलता मुलगा, तिने वाढवलेला, डॉक्टर झालेला नातू, १९६३ला गाडीच्या अपघातात. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईचं मागे कुणी उरलं नाही. दोन वर्षांनी तिने आपलं घर एका वकिलाला असं लिहून दिलं की तिच्या हयातीपर्यंत त्याने दरमहा अडीच हजार फ्रँक द्यायचे आणि नंतर घर त्याचं. तो तेव्हा ४७चा होता. १९९५ला तो वारला, ती हयात होती, आणि पुढचे हप्ते त्याच्या घरच्यांनी भरले.

तिच्यावरही शंका घेतली गेली. २०१८ला रशियातल्या अभ्यासकांनी म्हटलं, १९३४ला गेली ती आई, आणि पुढे जगली ती आईचं नाव घेतलेली मुलगी. तिचं वय मूळ तपासणाऱ्या मंडळींनी २०१९ला नोंदी आणि तिच्या मुलाखती पुन्हा पुढे ठेवून त्याला उत्तर दिलं, आणि तिचा विक्रम कायम आहे. तरुणपणी आर्लमध्ये चित्रकार व्हॅन गॉगला पाहिल्याचं ती सांगायची. तो १८८८ला तिथे होता, ती तेव्हा तेरा वर्षांची, हिशेब जुळतो. पण आर्लमध्ये व्हॅन गॉग म्हणजे बेळगावात गांधी. त्यावर कुणी तिचं वय मानलं नाही, ते मानलं याद्यांवर.

उलट जपानचे शिगेचियो इझुमी. १२० वर्षांचे म्हणून त्यांचं नाव विक्रमात लागलं होतं. पुढे संशय आला की ती जन्मनोंद त्याच नावाच्या, लहानपणी वारलेल्या थोरल्या भावाची असावी, आणि दावा मागे पडला. हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. आपल्याकडेही गेलेल्या पोरीचं नाव पुढच्या पोरीला ठेवायची रीत होती. १९०९ची एखादी नोंद पणजींच्या माहेरच्या नावाने सापडलीच, तर आनंदाने उडी मारण्याआधी त्याच नावाच्या मुलीचा मृत्यू पुढच्या पानांत आहे का ते बघा.

पणजींशी बोलायचं कसं, तेही सांगते. सकाळी चहा झाल्यावर, अर्धा तास, त्याहून जास्त नको. कानाशी, हळू आवाजात, ओरडून नाही. घरातली इतर माणसं आजूबाजूला असतील तर ती मधेच उत्तर देतात आणि पणजी मान डोलावतात, ते उत्तर वाया जातं. "तू मानमोडीत तान्ही होतीस ना?" असं विचारू नका, "हो"च येणार. विचारा, आईचा चेहरा आठवतो का? मामीला कोण कोण पोरं होती? तुझ्याबरोबर दुधाला कोण होतं? तुझ्या बरोबरीच्या पोरी कोण, त्यांतली कुणाची लग्नं तुझ्या आधी झाली? सासरी आलीस तेव्हा सासू होती का? आजोबा पोटात होते तेव्हा कुठल्या घरात होता? गांधीहत्येनंतरच्या अठ्ठेचाळीसच्या जळिताच्या वेळी कडेवर कोण होतं? कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे तू कुठे निजली होतीस? शेवटच्या दोन प्रश्नांची सालं आपल्याला ठाऊक आहेत, १९४८ आणि डिसेंबर १९६७, म्हणून त्यांची उत्तरं जुळतात का यावरून बाकीच्यांवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. एखादा कन्नड शब्द आला तर तसाच ठेवा, मराठी करू नका. मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी ऐकून लिहून काढा. आत्याआजींना वेगळं विचारा, पणजींच्या समोर नको.

थोडक्यात: आधी पणजी आणि मामी, मग १९७१ची वर्दी, मग माहेरच्या गावचं १९१८चं पुस्तक. विक्रमाचे अर्ज त्यानंतर. १०७ ठरले तर जगाचा विक्रम होणार नाही, पण आपल्या भागात कागदाने सिद्ध झालेलं एवढं वय मी अजून एकदाही पाहिलेलं नाही.

पणजींच्या तब्येतीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. चार-सहा महिन्यांनी सुट्टी काढून जाऊ असं ठरवलं असेल तर तसं करू नका, ह्या शनिवारी जा. मामीच्या पोरांची नावं मिळाली तर त्यांचे वंशज माहेरच्या गावात असतील. दूधभावाच्या घरी एखादा दाखला, एखादी पत्रिका असली तर त्याच्या वयातून पणजींचं वय महिन्यांच्या फरकाने निघेल. पुस्तकाचं पान मोडीत निघालं तर घाबरू नका. उजेडात, पानावर मोबाईलची सावली न पडता, पूर्ण पानाचा एक आणि प्रत्येक ओळीचा वेगळा असे फोटो काढा, कडेच्या तारखा कापू नका, आणि इथेच पाठवा. मी वाचून देते.